परिशिष्ट सात

“सोडतोय बघा, ताई!” असं ओरडून तोडकर आण्णांनी नारळाची करवंटी नाल्यात सोडली आणि मी खालच्या खुंटीपाशी घड्याळ सुरू केलं. आम्ही दहा मीटरांचं अंतर आखून घेतलं होतं. करवंटी काळ्या पाण्यावर डुलत निघाली, मध्येच एका पिशवीला अडकली, गोल फिरली आणि सुटून माझ्यापर्यंत आली.

“किती?”

“एकोणतीस सेकंद.”

“परत करू. पिशवीनं घोळ घातला.”

नाल्याला किती पाणी वाहतं हे काढायची ती साधी, जुनी पद्धत. नाकाला रुमाल बांधून आम्ही सकाळपासून तेच करत होतो. तोडकर आण्णा नांदेपूर नगरपरिषदेचे अभियंता आणि मी, सुलभा हिंगमिरे, आडवली नगरपरिषदेची पाणीपुरवठा अभियंता. दोन गावांमध्ये अंतर चार किलोमीटरांचं. सरवती नदीवर नांदेपूर वरच्या अंगाला, आडवली खालच्या. आम्ही उभे होतो तो नाला नांदेपूरचं सगळं सांडपाणी घेऊन नदीत उतरायचा आणि तिथून दीड किलोमीटरवर नदीतून आडवलीचं पिण्याचं पाणी उचललं जायचं.

या दोन गावांचं कधी पटलं नाही. तालुक्याचं ठिकाण आडवलीऐवजी नांदेपूरला गेलं म्हणून आडवलीनं तीन दिवस बाजार बंद ठेवला होता. त्याला चाळीस वर्षं झाली होती, पण लोक कालची गोष्ट असल्यासारखी सांगत. त्यात त्या वर्षी सरकारनं जाहीर केलं, शेजारच्या दोन नगरपरिषदांनी मिळून प्रस्ताव दिला तरच पाणी आणि सांडपाण्यासाठी मोठा निधी मिळेल. एकेकट्या गावाचे प्रस्ताव यापूर्वी दोन-दोनदा परत आले होते. मग नाइलाजानं का होईना, दोन्हीकडचे पुढारी एका टेबलाशी बसले. दोन्ही गावांचं सांडपाणी शुद्ध करणारं एक केंद्र आणि दोन्ही गावांना पाणी देणारं नवं जलशुद्धीकरण केंद्र, असा प्रकल्प ठरला. त्याचा अहवाल लिहायचं काम आम्हा दोघांवर आलं.

दुपारी बांधावर बसून आम्ही डबे उघडले. आण्णांनी डब्यातली शेंगाची पोळी माझ्या झाकणात ठेवली.

“खा. वैजूच्या आईनं तिच्यासाठी केल्यात. संध्याकाळी तुमच्या आडवलीला पोचवायच्यात.”

वैजू म्हणजे वैजयंती, त्यांची एकुलती एक मुलगी. वर्षापूर्वी आडवलीच्या शेट्यांच्या घरात दिली होती. जावई अजित टेलिफोन खात्यात होता.

“विशेष काही?”

आण्णा हसले. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण लाजला. “पाचवा लागलाय.”

मग नाल्याकडे बघत म्हणाले, “ताई, हे काम आपल्या हातून व्हायला पाहिजे बघा. माझ्या गावची घाण माझी पोरगी पिते, हे काय बरं हाय?”

* * *

प्रस्तावाला दहा परिशिष्टं जोडायची होती. सातवं होतं पाण्याच्या तपासणीचं. जानेवारीच्या शेवटी मी आडवलीतल्या पाच नळांचे नमुने घेतले, बर्फाच्या पेटीतून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवले. चार फेब्रुवारीला अहवाल आला. एकच पान होतं. पाचही नमुन्यांपुढे ‘पिण्यास अयोग्य’ असा शिक्का आणि खाली शेरा : पाण्यात मैल्याचा अंश, जुन्या गाळणयंत्रणेतून व क्लोरीननंतरही शिल्लक, उगम नदीत वरच्या बाजूने मिळणारा नाला असण्याची दाट शक्यता.

आमच्या केंद्रातल्या दोन गाळण्यांपैकी एक वर्षभर बंद होती. पाणी चांगलं नाही हे मला माहीत होतं. इतकं वाईट असेल असं वाटलं नव्हतं. मी पान घेऊन तशीच मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत गेले.

मुळगुंद साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगते. आडवलीत त्यांच्याइतकं काम कुणी केलं नव्हतं. त्यांनी पान दोनदा वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

“साहेब, उद्या दवंडी देऊ. पाणी उकळून प्या म्हणून रिक्षा फिरवू.”

“आणि लोक विचारतील, का?”

“सांगू.”

“म्हणजे नांदेपूरच्या नाल्यामुळे, असं सांगू. परवाच्या पेपरात तेच येईल. आणि निंबाळे काय करेल?”

निंबाळे नांदेपूरचे नगराध्यक्ष. आडवलीबरोबर हातमिळवणी केली म्हणून त्यांच्याच पक्षातले लोक त्यांना टोमणे मारत होते. माघार घ्यायला निंबाळे कारणच शोधत होते.

“चौदा तारखेला दोन्हीकडे ठराव मंजूर व्हायचाय,” साहेब म्हणाले. “दहा दिवस, हिंगमिरेबाई. ठराव होऊ द्या. मग दवंडी द्या, काय वाटेल ते करा. आज हे बाहेर गेलं तर प्रस्ताव बुडाला, आणि आपण पुढची वीस वर्षं हेच पाणी पिणार. तुम्हीच सांगा, काय शहाणपणाचं?”

आणि त्यांनी प्रस्तावाची यादी ओढली आणि सातव्या परिशिष्टापुढे स्वतःच्या हातानं लिहिलं : ‘स्वतंत्रपणे सादर करण्यात येईल.’ पान माझ्याकडे दिलं.

“तुमच्या कपाटात ठेवा.”

मी ठेवलं. घरी आल्यावर मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि नवऱ्याला सांगितलं, आजपासून नळाचं पाणी तसंच प्यायचं नाही.

चौदा तारखेला सभा झाली नाही. निंबाळेंच्या पुतण्याचं लग्न होतं. पुढची तारीख पंचवीस ठरली. तेव्हा केंद्राची जागा कुणाच्या हद्दीत यावरून वाद निघाला. मग बारा मार्च ठरली. दहा दिवसांचे पाच आठवडे झाले. दर सोमवारी मी साहेबांच्या खोलीत जायचे आणि ते म्हणायचे, “आता एवढं थांबलो, अजून थोडं.” मी दुसरी गाळणी दुरुस्त करायला माणसं लावली, क्लोरीनची मात्रा वाढवली. आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी वैजू आमच्या घरी आली. हातात पिशवी, चालताना थोडी मागे रेललेली, चेहरा उन्हानं लाल.

“आत्या, आत येऊ?”

आण्णा मला ताई म्हणत, म्हणून ती मला आत्या म्हणायची. हे नातं तिनंच लावलं होतं.

“अगं, या उन्हात कशाला आलीस?”

“अकरा तारखेला डोहाळजेवण हाय. आई म्हणाली, आत्याला फोनवर सांगायचं नाही, घरी जाऊन सांग.” ती खाली बसता बसता हसली. “सासूबाई म्हणाल्या रिक्षा कर. पण मला चालायला बरं वाटतं. येताना त्यांनीच रस पाजला कोपऱ्यावर. रोज एक गिलास. मला बाकी काही नको, उसाचा रस हवा. त्या बिचाऱ्या रोज भरदुपारी किटली घेऊन रसवंतीवर जातात.”

“सासू चांगली मिळाली.”

“आईपेक्षा जास्त लाड करतात. आईला सांगू नका हं.”

मी तिला पाणी दिलं. तिनं फुलपात्र एका दमात रिकामं केलं आणि तोंड जरा वाकडं केलं.

“आत्या, तुमचं पाणी कसं तरीच लागतं. उकळलेलं हाय का?”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

“हो. यांच्या पोटाचा त्रास,” मी म्हणाले. “डॉक्टरांनी सांगितलंय.”

“हां. मला बाई नळाचंच गार आवडतं, माठातलं.”

“तूही उकळून पीत जा की. अशा दिवसांत बरं असतं.”

“इतकं कोण करत बसणार, आत्या,” ती म्हणाली आणि दिवसभर काय काय करावं लागतं ते सांगू लागली.

मी तेवढंच म्हणाले. पुढे एक वाक्य होतं. ते बोललं असतं तर ती घरी जाऊन सासूला सांगणार, अजितला सांगणार, आण्णांना सांगणार, आणि आण्णांकडून ते निंबाळेंच्या कानावर जाणार. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी तिला लिंबाचं लोणचं बांधून दिलं आणि फाटकापर्यंत सोडायला गेले.

* * *

डोहाळजेवण अकरा मार्चला झालं. सभेच्या आदल्या दिवशी. शेट्यांच्या अंगणात मांडव होता. वैजूला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून पाटावर बसवली होती. तिच्या सासूबाई, इंदूमावशी, बुटक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, प्रत्येक बाईला आग्रह करत होत्या. आण्णा मला मांडवाबाहेर बाजूला घेऊन गेले.

“उद्या निंबाळेसाहेब ठरावाच्या बाजूनं हात वर करणार. माझं बोलणं झालंय. पक्कं.”

“खरंच?”

“खरंच. ताई, आपण जिंकलो.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “एक विचारू? वैजू दोन दिवस म्हणते, मळमळतंय, जेवण नको वाटतंय. सातवा हाय, होतंच म्हणा असं. पण तुमचं फिल्टर नीट चालतंय ना?”

मांडवात बायका ओटीची गाणी म्हणत होत्या.

“चालतंय, आण्णा,” मी म्हणाले. “दुसरी गाळणीसुद्धा सुरू केलीय.”

“मग झालं,” ते म्हणाले. “तुम्ही असल्यावर मला काळजी नाही.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांत ठराव मंजूर झाला. नांदेपुरात निंबाळेंनी आणि आडवलीत आमच्या नगराध्यक्षांनी एकमेकांना हार पाठवले. पेढे वाटले. संध्याकाळी मी साहेबांना म्हटलं, “आता दवंडी?” ते म्हणाले, “सोमवारी प्रस्ताव मुंबईला हातानं पोचवतो. तो आत गेला की मंगळवारी.”

सोमवारच्या आतच आडवलीत कावीळ सुरू झाली.

आधी पेठेत चार जण, मग कोष्टी गल्लीत अकरा, मग मोजायचं सोडून दिलं. आता रिक्षा फिरली, पाणी उकळून प्या. टँकर आले. पेपरवाले आले. कशामुळे, हे सांगणं भाग होतं, तेव्हा नगरपरिषदेच्या आरोग्य समितीनं रसवंत्यांचं नाव घेतलं. उसाच्या रसातला बर्फ दूषित. आठही रसवंत्या बंद केल्या, चरक जप्त करून आवारात आणून टाकले. त्या बैठकीला मी हजर होते. कुणी मला काही विचारलं नाही आणि मी काही बोलले नाही.

वैजूला सांगलीला नेलं तेव्हा तिचे डोळे हळदीसारखे झाले होते. मी दुसऱ्या दिवशी पोचले. आण्णा दवाखान्याच्या जिन्यात बसले होते. मला बघून उठले.

“डॉक्टर म्हणतात, साधी कावीळ असती तर बरी झाली असती. ही पोटुशीला सोसत नाही. असं असतं का हो, ताई? तुम्ही शिकलेल्या. असं असतं?”

“असतं,” मी म्हणाले.

आत खाटेजवळ इंदूमावशी वैजूचा पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वैजू कुणाला ओळखत नव्हती. अजित भिंतीला टेकून उभा होता आणि आईकडे बघत होता. माझ्यादेखत तो म्हणाला, “रोज आणून पाजलास. रोज.” मावशींनी मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आधी बाळ गेलं. मुलगी होती. दुपारी दोनच्या सुमारास वैजू गेली.

आडवलीत त्या वेळी नऊ माणसं गेली. त्यांत तिघी गर्भार होत्या.

* * *

वैजूचे दिवस झाल्यावर आठवड्यानं आण्णा माझ्या कचेरीत आले. सकाळची वेळ होती, शिपाई अजून झाडत होता. त्यांनी दार लोटून घेतलं आणि प्रस्तावाची त्यांच्याकडची प्रत टेबलावर ठेवली. बोटानं यादीवरची ओळ दाखवली.

“परिशिष्ट सात. स्वतंत्रपणे सादर करण्यात येईल.” ते शांतपणे वाचत होते. “हे मी तेव्हा वाचलंच नाही. आपणच दोघांनी केलेलं काम, वाचायचं काय, म्हणून. सादर केलं?”

“नाही.”

“अहवाल आला होता?”

मी उठले, कपाट उघडलं, पान काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. एक पान वाचायला त्यांना फार वेळ लागला.

“हे आलं कधी?”

“चार फेब्रुवारीला.”

“मी मांडवात विचारलं ते...”

“अकरा मार्चला.”

“तुम्ही घरी काय पाणी पीत होता?”

“उकळून,” मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, खिशात ठेवला, पुन्हा काढला. मला वाटलं ते ओरडतील. मला ते हवं होतं. वैजूला लागण अहवाल येण्याआधीच झाली असेल की नंतर, हे कुणीच सांगू शकत नाही. त्या आठवड्यात मी रात्रंदिवस या शंकेच्या आधारानं जगत होते. आण्णांसमोर ती तोंडातून काढायची माझी हिंमत झाली नाही.

“आण्णा, मी आजच हे कलेक्टरांकडे देते. माझं काय व्हायचं ते होऊ दे.”

“निंबाळेसाहेबांना कळलं तर?”

“ठराव मागे घेतील.”

“प्रस्ताव?”

“परत येईल.”

“म्हणजे नाला वाहतोय तसा वाहणार.”

“हो.”

“मग ठेवा आत.”

“आण्णा...”

“ठेवा म्हणतो ना आत!” त्यांचा आवाज एकदाच चढला, मग पार खाली गेला. “तुमचं मन हलकं व्हावं म्हणून मी तो नाला तसाच सोडू? अजून पोरी हायत त्या गावात. पाच वर्षं टँकर येत नाही कुणाला. चार महिन्यांत लोक परत नळाचंच पिणार. हे पान नवे नळ होईपर्यंत बाहेर काढायचं नाही. त्यानंतर काढायचं. मला वचन द्या, मॅडम.”

त्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणू लागले.

निधी दिवाळीच्या आधी मंजूर झाला. राज्यात त्या खेपेला सहाच जोडगावांना मिळाला, त्यात आमचं नाव होतं. काम चाललं तीन वर्षं. आण्णांना मुदतवाढ घ्यावी लागली, ती त्यांनी स्वतः अर्ज करून घेतली. उन्हातान्हात आम्ही बरोबर उभे राहायचो, खड्डे मोजायचो, पाइपांचे जोड तपासायचो. त्यांच्याइतका कडक माणूस ठेकेदारांनी पाहिला नसेल. एक जोड सैल निघाला म्हणून त्यांनी दोनशे मीटर उकरायला लावले होते. दुपारी ते त्यांचा डबा जीपमध्ये बसून खायचे. मी माझा झाडाखाली. माझ्या हातचं पाणी त्यांनी पुन्हा घेतलं नाही, आणि माझ्याशी कधी वाकडा शब्दही बोलले नाहीत.

उद्घाटनाला मंत्री आले होते. दोन्ही गावांचे नगराध्यक्ष एका हारात उभे राहिले. भाषणांत एकजुटीचं फार कौतुक झालं. गर्दी ओसरल्यावर आण्णा माझ्याजवळ आले.

“मॅडम, आता.”

“उद्या सकाळी कलेक्टर कचेरीत जाते.”

“ते करा. पण त्याआधी शेट्यांच्या घरी जा.” ते जमिनीकडे बघत होते. “इंदूबाईंनी तीन वर्षांत गोड तोंडात घातलं नाही. मीच रस पाजून पोरगी मारली, म्हणतात. अजित पुण्याला बदली करून गेला, तो आईशी बोलत नाही. पैसे पाठवतो, बोलत नाही. मी दर महिन्याला जातो त्यांच्याकडं. त्या माझ्या पायाशी बसतात, व्याहीबुवा मला माफ करा म्हणतात. आणि मी गप्प. मला ठाऊक होतं की नाही? एक शब्द बोललो असतो तर सुटली असती बाई. पण त्यांच्या तोंडात राहिलं नसतं. गावभर झालं असतं. तुम्ही पाच आठवडे गप्प बसला. मी तीन वर्षं बसलो. मला नाही जमणार तिथं जायला. तुम्ही जा.”

मी त्याच दुपारी गेले.

इंदूमावशी बाहेरच्या सोप्यात तांदूळ निवडत होत्या. केस पार पिकले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं नाही. मग म्हणाल्या, “आमच्या वैजूची आत्या न्हवं? या, बसा.”

मी बसले. पान पर्समधून काढून मांडीवर ठेवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. नळांचे नमुने, साहेबांची खोली, कपाट, वैजू माझ्या घरी आली ती दुपार. काही गाळलं नाही. मावशींचा हात सुपावर तसाच राहिला होता.

“म्हंजी रसानं न्हाई?”

“नाही, मावशी.”

“त्या बरफानं?”

“नाही. रसवंत्यांवर खोटाच आळ घातला. कावीळ नळाच्या पाण्यातून आली. ते मला माहीत होतं. तुम्ही तिला काही वाईट पाजलं नाही.”

“न्हाई पाजलं?”

“नाही.”

त्यांनी तीन-चार वेळा तेच विचारलं, शब्द बदलून बदलून. मी तेच उत्तर दिलं. मला वाटत होतं त्या मला शिव्या देतील, सूप अंगावर फेकतील. त्या उठल्या, आत गेल्या आणि एक कागद घेऊन आल्या. त्यावर मोठ्या अक्षरांत नंबर लिहिलेला होता.

“अजितला लावा. तुमच्या तोंडानं सांगा. माझा फोन तो उचलत न्हाई. तुमच्या फोनावरनं लावा.”

मी लावला. त्यानं उचलला. मी नाव सांगितलं आणि पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी कमी शब्दांत. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते.

मग तो म्हणाला, “आई आहे तिथं?”

“आहे.”

“द्या.”

मावशींनी फोन दोन्ही हातांनी घेतला. कानाला लावून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “जेवलास का रं?”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. त्या भिंतीला टेकून हळूहळू खाली बसल्या. सूप लवंडलं, तांदूळ सोपाभर झाले. मी गोळा करायला वाकले, तर त्यांनी हातानंच मला नको म्हणून खुणावलं. माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी मी ते पान दिलं. चौकशी झाली, मला वर्षभर घरी बसवलं, मुळगुंद साहेब तोवर निवृत्त झाले होते. रसवंतीवाल्यांना चरक परत मिळाले, गंजलेले. आण्णा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. त्यांच्या दहाव्याला मी घाटावर लांब उभी होते. अजित आईचा हात धरून पायऱ्या उतरत होता, हे मी पाहिलं. त्यांच्यापैकी कुणी माझ्याकडे आलं नाही, मीही गेले नाही.

पण मला आठवते ती आधीची दुपार. मी चपला घालून बाहेर पडले तेव्हा माझा फोन अजून मावशींच्या कानाला होता. मी अंगणात थांबले. अर्ध्या तासानं दार उघडलं, एक हात बाहेर आला, फोन उंबऱ्यावर ठेवला गेला आणि आतून कडी लागली.